गरव्या भाताचं साल

आमच्या बाबांना कुणी सल्ला दिला की तो त्यांना अपमान वाटायचा. खानापूरकडचं गाव सोडून ते काळी नदीच्या रानात शेती करायला आले, तेही गावातल्या चार जणांनी 'जाऊ नको' म्हटलं म्हणूनच, असं आई म्हणायची. भावाभावांत वाटण्या होऊन त्यांच्या वाट्याला आलेली जमीन एवढीशी होती, की औत वळवायचं तर बैलांची तोंडं चुलत्याच्या शेतात जायची. सुप्याच्या पुढे, कुंभारवाड्याच्याही पलीकडे, रान साफ करून कसेल त्याला जमीन मिळते असं त्यांच्या कानावर आलं. पहिल्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. दोन बैल, गाडीत मावेल तेवढा संसार, मी आणि आईच्या मांडीवर माझा धाकटा भाऊ, असे आम्ही निघालो. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. भाऊ नुकता बसायला लागला होता.

गाडीत एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे बियाण्याची मुडी. पेंढ्यात घट्ट आवळून बांधलेलं ते भाताचं बी बाबांनी सगळी वाट डोक्यावरून आणलं. गाडीत बैलांच्या लाथेला लागेल, ओढ्यात भिजेल, असं त्यांना वाटायचं. त्यांच्या आजोबांपासूनचं बी होतं ते. मला वाटेत ताप भरला तेव्हा मी गाडीतच होते, मुडी मात्र डोक्यावर होती. हे मी नंतर बाबांना बोलून दाखवलं तर ते हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

आम्ही उतरलो ती सात-आठ घरांची वाडी होती. माणसं कुणबी, पिढ्यान् पिढ्या त्याच रानात राहिलेली. वाडीच्या मुख्याला ते बुधवंत म्हणायचे. आमचं घर उभं राहायला त्यांनीच कुडासाठी कारवी तोडून दिली, छपराला गवत दिलं. आमच्या शेजारी एक म्हातारी एकटीच राहायची. तिला मी आज्जी म्हणायचे. तोंडानं फटकळ, पण रोज सकाळी पानात गुंडाळून एखादा भाजलेला कंद माझ्या हातावर ठेवल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नसे.

पेरणीच्या आधी बुधवंत आमच्या दारात येऊन बसला. बाबांची मुडी त्यानं हातात घेऊन पाहिली, दोन दाणे सोलून दातांखाली धरले.

"बी बरं हाय," तो म्हणाला. "पर ह्ये गरवं. हितं चालायचं न्हाई. आमी समदी हळवं पेरतो. एकदम पेरायचं, एकदम कापायचं. मागं ऱ्हायलं त्ये रानाचं."

हळवं भात लवकर येतं, दसऱ्याच्या मागेपुढे कापणीला. गरव्याला त्यानंतर दीड-दोन महिने लागतात. पण दाणा मोठा, भाताला वास, पेंढाही उंच. बुधवंत आपलं हळवं बी उसनं द्यायला तयार होता. बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो गेल्यावर ते आईला म्हणाले, "हळवं म्हंजे पोटापुरतं खानाऱ्याचं भात. मी काय पोट जाळाया आलोय हितं?"  आई काही बोलली असती तरी त्यांनी ऐकलं नसतं.

भात छान आलं. उगाच खोटं कशाला बोलू? श्रावणात आमच्या वाफ्यांसारखे वाफे वाडीत कुणाचे नव्हते, आणि बाबा बांधावर हात मागे बांधून असे उभे राहायचे की आता कुणीतरी येऊन पाहून जावं. आश्विनात वाडीची कापणी सुरू झाली तेव्हा आमचं भात अजून हिरवंगार होतं.

त्याच कापणीत वाडीतला एक म्हातारा वारला, आणि तिथली एक रीत आम्हाला पहिल्यांदा कळली. वाडीत मरण झालं की वाडीभर विळा बंद. कुणाचंही मरण असो, कुणाचंही शेत असो. बुधवंत देवाच्या झाडाखालच्या झऱ्याचं पाणी आणून घरोघर शिंपडेपर्यंत कुणी कापायचं नाही, झोडायचं नाही, आणि मरणाच्या घरचं अन्न तर तोंडात घालायचंच नाही. मोठं माणूस गेलं तर जास्त दिवस, पोर गेलं तर तीन दिवस. सूतक असताना ज्यानं पातं चालवलं त्याच्या शेतात पुढच्या साली रान शिरतं, असं ते मानायचे. त्या म्हाताऱ्याच्या मरणानं वाडीचं पिकलेलं भात दहा दिवस उभं राहिलं, दाणे गळून चिखलात गेले, तरी एकानंही कुरकुर केली नाही. बाबा मात्र घरात बसून चडफडले.

दिवाळी झाली. वाडीचं भात घराघरांत गेलं, आणि त्या सगळ्या खोऱ्यात उभं पीक म्हणून फक्त आमचं राहिलं. बुधवंत काय म्हणाला होता त्याचा अर्थ आम्हाला तेव्हा लागला. आधी रानातली जनावरं सात-आठ घरांच्या शेतांत विभागली जायची. आता डुक्कर, सांबर, गवे, जे काही तोंडानं चरतं ते सगळं आमच्या एका शेताकडे वळलं. वाडीची गुरंही कापणीनंतर मोकाट सोडायची रीत होती. बुधवंतानं आमच्यासाठी ती बांधून ठेवायला सांगितली. वाडीतल्या बायका त्यावरून आईला टोमणे मारायच्या, आणि चुकत नव्हत्या. दावणीला बांधलेल्या गुरांना चारा घालायचा तर तो त्यांनाच रानातून आणावा लागायचा.

त्या हिवाळ्यासारखा हिवाळा मी पुन्हा पाहिला नाही. सकाळी नदीकडून धुकं वर चढायचं आणि उन्हं डोक्यावर येईपर्यंत हटायचं नाही. छपरातून दव टपकायचं. आमच्याजवळ दोन घोंगड्या. एक बाबा राखणीला शेतातल्या माळ्यावर न्यायचे, दुसरीत आम्ही तिघं. बाबा रात्रभर माळ्यावर डबा वाजवत, जळती लाकडं हलवत बसायचे आणि सकाळी सुजल्या डोळ्यांनी येऊन पडायचे. दिवसा आई आणि मी पाखरं हाकायचो. त्यातच हिवताप आला. आधी मला, मग बाबांना, मग भावाला. दात वाजवणारी थंडी, मग अंगाची भट्टी, मग घाम, आणि एक दिवसाआड पुन्हा तेच. मोठी माणसं त्यातून उठून कामाला लागायची. भाऊ उठला नाही. दीड वर्षांचं पोर ते, पाय काड्यांसारखे झाले आणि पोट तेवढं फुगत गेलं. तो रडायचाही हळूहळू बंद झाला.

सुप्याच्या पोस्टात हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्या मिळतात हे बाबांना माहीत होतं. आईनं कितीदा सांगितलं. जाऊन यायला दोन दिवस लागायचे, आणि मधल्या रात्री शेत कुणी राखायचं?

"कापनी झाली की जातो," बाबा म्हणायचे. मग मीठ आणायचं तर कापणी झाली की. छपराला गवत घालायचं तर कापणी झाली की. आईनं एकदा चिडून विचारलं, "आनि पोरगं?" त्यावर बाबांनी घोंगडी खांद्यावर टाकली आणि ते माळ्याकडे निघून गेले. मला बाबांचा राग आला. अजूनही येतो. पण त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं हेही मला सांगता येत नाही, कारण ते भात गेलं असतं तर पावसाळ्यापर्यंत खायला आमच्याकडे दुसरं काही नव्हतं.

मार्गशीर्षात एका रात्री गव्यांचा कळप कुंपण मोडून आत आला. बाबांना त्या रात्री थंडी भरली होती, माळ्यावरून उतरता आलं नाही. सकाळी पाहिलं तर खालचे वाफे गेले होते. अर्धं शेत. जे खाल्लं नव्हतं ते तुडवलं होतं. बाबा बांधावर बसले आणि चिखलातल्या खुरांच्या ठशांकडे पाहत राहिले. त्यांना कुणी हाक मारायला धजेना.

बुधवंत आला. 'मी सांगितलं होतं' असं तो एका शब्दानं म्हणाला नाही. वरच्या वाफ्यातली लोंबी चुरून त्यानं दाणा पाहिला.

"आट दिस आनि पायजे व्हते. पर भरलाय दाना. उद्या समदी वाडी येतंय. दिस मावळायच्या आत कापून खळ्यावर घिऊया. आज रातीला गडी संगट ऱ्हातील. परवाच्याला हितं काय बी दिसायचं न्हाई बग."

त्या रात्री वाडीतल्या गड्यांनी शेताभोवती जाळ करून राखण केली. बाबाही तिथंच राहिले.

सकाळी, अजून धुकं दाट असताना, आईनं कापणीला येणाऱ्यांसाठी चुलीवर पेज चढवली. मी चुलीपाशी हात शेकत होते. भाऊ झोळीत होता. आईचं जुनं लुगडं आढ्याला बांधून केलेली ती झोळी. कापड बाजूला केल्याशिवाय आतलं पोर दिसत नसे. आईनं त्याला पाजायला घ्यावं म्हणून झोळीत हात घातला आणि हात तसाच आत ठेवून ती उभी राहिली. बराच वेळ. पेज उतू गेली, निखाऱ्यांवर पडून चर्र झालं, तरी तिनं मागे पाहिलं नाही.

तो पहाटे गेला होता. हे मी आता लिहिते आहे तितकं सरळ मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

बाहेरून माणसांचे आवाज यायला लागले. वाडी विळे घेऊन येत होती. आईनं कापड नीट केलं, मला जवळ बोलावलं आणि झोळीची दोरी माझ्या हातात दिली. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता.

"ह्येला उठवायचं न्हाई. कोन आलं तर निजलाय म्हनायचं. आनि झोळी थांबवायची न्हाई. कळलं?"

मी मान हलवली. तिनं कुडात खोवलेला विळा काढला, पदर खोचला आणि ती गेली.

मला कळलं होतं का? मला आजही नीट सांगता येत नाही. झोळीतून त्याचं पाऊल जरासं बाहेर आलं होतं. मी ते हातात धरलं तर गार होतं. हिवाळ्यात सगळ्यांचीच पावलं गार असतात, असं मी स्वतःशी म्हटलं आणि माझं फडकं काढून त्यावर घातलं. पण ते फडकं मी पुन्हा उचलून पाहिलं नाही, म्हणजे कळलंच असणार.

बाहेर कापणी रंगात आली. वाडीच्या बायका कापताना गात होत्या. आपल्या शेतात इतकी माणसं पाहून बाबांना चेव आला होता. त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर येत होता. ऊन आल्यावर पेजेची वेळ झाली. पेज न्यायला आज्जी आली.

"पोर कसा हाय?" तिनं दारातूनच विचारलं.

"निजलाय," मी म्हटलं.

ती झोळीपाशी आली. कापड बाजूला करून तिनं आत पाहिलं, हात घातला. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. मग तिनं झोळीच्या दोन्ही कडा एकमेकींवर ओढून घट्ट केल्या आणि माझ्याकडे वळली.

"हालव," ती हळूच म्हणाली. "हात दुखला तर दुसऱ्या हातानं हालव."

मग ती चुलीकडे गेली. पेजेच्या मडक्यावर वाकली, आणि एकदम अशी ओरडली की मी दचकले. "अगो बाये! पेज केलीस का राख? समदी करपून गेली! घाटावरच्या बाय्कांस्नी पेज करूक येत न्हाई म्हनतत त्ये खोटं न्हवं!" बडबड करतच तिनं मडकं उचललं, दारात नेलं आणि सगळ्या वाडीच्या देखत पेज उकिरड्यावर ओतून दिली. शेतात हशा पिकला. "थांबा रे, माज्या घरची आनतंय," असं ओरडत ती आपल्या घराकडे गेली.

पेज करपली नव्हती. मी तिच्याच शेजारी बसले होते, मला वास आला असता. आईची अशी चारचौघांत शोभा केल्याचा मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. शेतात बाबाही सगळ्यांबरोबर हसत होते. आई वाकून कापत राहिली. आज्जीनं त्या दिवशी वाडीला आमच्या घरचा घास का खाऊ दिला नाही, हे कळायला मला मोठं व्हावं लागलं. तिनं रीतही राखली आणि आम्हालाही.

दुपारी आई घरात आली. पान्हा येऊन तिची चोळी भिजली होती, आणि ते पाहून बायकांनीच तिला हट्टानं पाठवलं होतं, जा, पोराला पाजून ये म्हणून. ती झोळीला पाठ लावून खाली बसली. माझ्याकडे पाहिलं नाही, झोळीकडेही नाही. पोराला प्यायला जितका वेळ लागतो तितका वेळ ती बसली. मग घरामागे जाऊन तिनं दूध पिळून टाकलं, तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा शेतात गेली. मी झोळी हलवत होते. हात बदलत होते.

दिवस मावळायच्या आधी शेवटचा भारा खळ्यावर आला. गंजी रचली. अर्ध्याच शेताचं भात, पण गंजी चांगली उंच झाली. वाडीची माणसं विळे कमरेला लावून घराकडे वळली. आज्जी मात्र वाटेत ओढ्यात उतरली आणि त्या थंडीत लुगड्यासकट डोकं बुडवून आंघोळ करू लागली. "म्हातारीला वेड लागलं," असं कुणीतरी म्हणालं. ती म्हणाली, "अंगाक कुसळं टोचतत."

आई घरात आली. विळा कुडात खोवला. माझ्या हातातून दोरी घेतली. मग तिनं त्याला झोळीतून बाहेर काढलं, छातीशी धरलं आणि हंबरडा फोडला. दिवसभर दाबून ठेवलेलं रडणं ते. वाटेवरची माणसं तशीच मागे फिरली. बाबा खळ्यावरून धावत आले, त्यांच्या केसांत पेंढा अडकला होता. ओल्या लुगड्यानं आज्जी आली, तिनं पोराच्या छातीवर हात ठेवला आणि बुधवंताकडे पाहून म्हणाली, "आत्ताच गेला. आंग ऊन हाय अजून."

ऊन नव्हतं. पण त्या म्हातारीचा शब्द वाडीत कुणी मोडत नसे.

त्याला रानाच्या कडेला पुरलं. जनावरांनी उकरू नये म्हणून वर दगड आणि काटेरी झुडपं रचली. वाडीभर तीन दिवस विळा बंद राहिला, पण तोवर कापायचं काही उरलं नव्हतं. त्या पौषात वाडीच्या बायका देवाच्या अंगणात गाणी म्हणत नाचल्या, तेव्हा आज्जी गेली नाही. गुडघा दुखतो म्हणाली. त्याच गुडघ्यानं ती रोज रानात जाऊन कंद खणून आणत होती, हे मी पाहत होते.

पुढच्या साली बाबांनी बुधवंताकडून हळवं बी घेतलं, कुणी न सांगता. रान हळूहळू आमचं झालं, आणखी भावंडं झाली. बाबा पिकल्या वयाचे झाल्यावर खानापूरकडचे पाहुणे यायचे, आणि जेवणं झाली की बाबांची एक गोष्ट ठरलेली असायची. "आमचं थोरलं पोरगं मोठ्या पुण्याईचं," ते सांगायचे. "ताप अंगात हुता, पर भात खळ्यावर येईस्तवर जीव धरून ऱ्हायलं. शेवटचा भारा पडला आनि मगच गेलं. आमास्नी जगवून गेलं."  पाहुण्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. आई भांडी आवरत असायची. ती हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही. माझ्या मात्र जिभेवर यायचं, आणि दर वेळी आई नेमकं तेव्हाच मला पाणी आणायला पाठवायची.

बाबा गेले. त्यांचे दिवसवार झाल्यावर एकदा मी आणि आई दोघीच दारात तांदूळ निवडत बसलो होतो. मी तिला विचारलं. त्या दिवशी सांगितलं नाहीस ते कळतं. बाबांनी विळा टाकला असता, वाडी निघून गेली असती. पण नंतर? इतकी वर्षं? ते सगळ्यांना सांगत सुटायचे तेव्हा तुझ्या जिवाला काय होत असेल?

आईनं सुपातला खडा काढून टाकला.

"मागनं सांगितलं असतं तर त्येनी त्या भाताला हात लावला नसता," ती म्हणाली. "शिवलं नसतं. समदी गंजी पेटवून दिली असती, मला ठाव हाय त्येंचा सभाव. आनि मग तुला काय घातलं असतं मी?"

 ते भात आम्हाला पावसाळ्यापर्यंत पुरलं होतं. त्याला वास फार छान होता, आणि मी रोज पोटभर जेवले होते.